अर्धी घोंगडी

माझ्या बुटांचा वास आला तेव्हा मी थंडीवर भाषण देत होतो.

"त्याचं असं असतं वहिनी, अंग फार गारठलं की रक्त आधी बोटांकडे जायचं थांबतं. काळीज वाचलं पाहिजे, बोटं गेली तर गेली, असा शरीराचा सरळ न्याय असतो. म्हणून पायमोजे नेहमी..."

"भावजी," हौसाबाई म्हणाल्या, "कायतरी जळतंय."

"लाकडातला डिंक असेल. इथल्या झाडांना डिंक फार. तर पायमोजे..."

"डीक न्हवं. रबार हाय."

नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, शेगडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. लोखंडी शेगडीच्या माथ्यावर मी माझे दोन्ही बूट शेजारी शेजारी उभे करून ठेवले होते. आता ते उभे नव्हते. भीमरावांनी धावत जाऊन फडक्याने धरून ते ओढले, तर वरचा भाग त्यांच्या हातात आला आणि तळवे शेगडीवरच राहिले, तव्याला चिकटलेल्या धिरड्यासारखे.

"साहेब," भीमराव म्हणाले, "ह्ये गेलं."

बाहेर उणे बावीस तापमान होतं. दुपारचे सव्वादोन वाजले होते. आमची गाडी साडेतीन किलोमीटर लांब, जंगलाच्या कडेला उभी होती, आणि माझ्या पायांत फक्त मोजे होते.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीची. कॅनडात सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला एका लहान गावात मी कागदाच्या गिरणीत इंजिनिअर होतो. नाव श्रीरंग खांबेटे, मूळ पुण्याचा, वय चौतीस आणि अक्कल जितकी असल्याचं मला वाटत होतं त्याच्या निम्मी. त्या गावात मराठी घरं दोनच, एक आमचं आणि एक भीमराव सरगरांचं. भीमराव आटपाडीकडचे धनगर. सांगलीला आयटीआय केलं, मस्कतला सहा वर्षं वेल्डिंग केलं, मग आमच्या गिरणीत आले. हौसाबाई त्यांची बायको, तिला येऊन आठच महिने झाले होते. संक्रांतीला चौघांनी जंगलात जायचं, बर्फातून चालायचं आणि तिथल्या लाकडी केबिनमध्ये बसून जेवायचं, ही टूम माझी. ती मी का काढली, ते पुढे सांगतो. सांगताना आजही बरं वाटत नाही.

बर्फात चालायला तिकडे स्नोशू वापरतात. बुटाखाली बांधायची रुंद, जाळीदार चौकट. वजन पसरतं, माणूस भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतत नाही. सकाळी गाडीपाशी मी चार जोड काढून मांडले, तेव्हा हौसाबाईंनी त्यातला एक उलटासुलटा करून पाहिला.

"पायात सुपं बांधायची?" त्या म्हणाल्या.

"सुपं नव्हेत वहिनी, हे शास्त्र आहे. पाय जरा फाकवून टाकायचे, नाहीतर आपलाच पाय आपल्या पायावर पडून तोंडावर आपटतो माणूस."

एवढं सांगून मी वळलो आणि तोंडावर आपटलो. नलिनी हसली. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात देऊन मला उठवलं, अंगावरचा बर्फ झटकला आणि "चला" म्हणाल्या. त्यांच्या जाड कोटावर, खांद्यावर एक काळी घोंगडी चौघडी घालून टाकलेली होती.

"वहिनी, ती गाडीतच ठेवा. कोट आहे की चांगला."

"असू द्या. बसाय होईल."

वाट सुंदर होती, हे मान्य केलंच पाहिजे. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं, फांद्या बर्फाने वाकलेल्या, मधूनमधून भूर्जाची पांढरी खोडं. दर पन्नास पावलांवर एका झाडावर निळी खूण रंगवलेली. आवाज फक्त आमच्या पायांखालचा. मी पुढे, हातात काठी, तोंडात ज्ञान. कुठल्या सशाची पावलं, कुठल्या कोल्ह्याची, असं मी सांगत होतो. मागून हौसाबाईंनी एकदाच विचारलं, "ह्यो कोल्हा लंगडा हाय का वो? उजवा मागला पाय वढतोय." मी वाकून पाहिलं. पायाची रेघ ओढलेली खरंच दिसत होती. तीन हिवाळे मी त्या जंगलात हिंडलो होतो, पण कोल्हा लंगडतो हे काही मला कधी दिसलं नव्हतं.

साडेबाराला केबिनला पोचलो. एकच खोली, फळ्यांची जमीन, मधे शेगडी, कोपऱ्यात थोडी लाकडं. कुणीतरी झाडून स्वच्छ ठेवलेली. नलिनीने जमिनीवर चादर पसरली, गूळपोळ्यांचा डबा, बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी मांडली, तिळगुळाची डबी ठेवली. आणि मी दारातून हुकूम सोडला.

"बूट बाहेर! सगळ्यांनी बूट बाहेर काढायचे. जमिनीवर बसून जेवायचंय, सणाचं अन्न आहे."

बर्फात चालण्यावरचं एक पुस्तक मी वाचत होतो. त्यात अकरा प्रकरणं होती. बुटांचं प्रकरण सातवं होतं आणि मी सहाव्यापर्यंत पोचलो होतो. घामाने ओले झालेले बूट उणे बावीसमध्ये कधीही बाहेर ठेवू नयेत, हे सातव्याचं पहिलंच वाक्य होतं, असं पुढे समजलं. जगातल्या कुठल्याही माणसाने अशा थंडीत बूट दाराबाहेर ठेवले नसते. आम्ही ठेवले, देवळाबाहेर ठेवतात तसे, नीट जोडीने, ओळीत.

म्हणजे तिघांनी ठेवले. हौसाबाईंनी बूट काढले, पण बाहेर ठेवले नाहीत. घोंगडीत गुंडाळून अन्नापासून लांब, कोपऱ्यात ठेवले आणि त्यावर पाठ टेकून बसल्या.

"वहिनी, सणाचं आहे," मी म्हणालो.

"व्हय. म्हणून तर लांब ठिवलंय," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडली.

जेवण झालं, तिळगूळ झाला, चहा झाला. या सगळ्यात लाकडं बरीच जळली. दोन वाजता निघायचं म्हणून बूट आत आणले, तर ते दगड झाले होते. पाय आत जाईना, नाड्या वाकेनात. भीमरावांचे आणि नलिनीचे बूट हौसाबाईंनी घोंगडीखाली मांडीवर घेतले आणि शेगडीपासून हातभर लांब बसून राहिल्या. "सावकाश वितळू द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, कशाला सावकाश, लोखंड तापलंय. आणि बूट वर ठेवून थंडीवर बोलायला लागलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तर आता मी मोज्यांवर उभा होतो. भीमरावांचे बूट मला होत नव्हते, त्यांचा पाय माझ्यापेक्षा तीन मापांनी लहान. गाडीत दुसरे बूट नव्हते. तेव्हा खिशात फोन नसत. दुपारपासून बर्फ पडायला लागला होता आणि खिडकीतून पाहिलं तर आमच्या सकाळच्या वाटेचा मागमूस उरला नव्हता. पाच वाजता अंधार होणार होता.

मी पुढारीपणाचा शेवटचा डाव टाकला.

"तुम्ही तिघं जा. निळ्या खुणा बघत सरळ जा. भीमराव, तुम्ही गाडी घ्या, गावातून मदत पाठवा. मी थांबतो इथे."

"किती वेळ लागंल?" हौसाबाईंनी विचारलं.

"आठ वाजतील. फार तर नऊ."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. लाकडाचे तीन ओंडके उरले होते. "ही लाकडं किती वेळ पुरत्याल?"

"तासभर."

"मग?"

"मग मी येरझाऱ्या घालीन."

"मोज्यावर?"

नलिनीचा चेहरा पांढरा पडला होता. "मी थांबते यांच्याबरोबर," ती म्हणाली.

"म्हंजे दोगं गारठाय," हौसाबाई म्हणाल्या. "न्हाई. कळपातलं एक मागं ठिवून कळप हाकायचा नसतो. सगळी मिळून जायाचं." असं म्हणून त्यांनी घोंगडी उलगडली.

ती चादरीवर पसरली तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिली. काळी, राठ, कडेला पांढऱ्या लोकरीच्या दोन रेघा. मधोमध उभी शिवण, दोन पट्टे जोडलेले. चिंचोक्याच्या खळीचा हलका वास अजून तिला होता. हौसाबाई त्या शिवणीवर बोट फिरवायला लागल्या आणि भीमराव एकदम पुढे आले.

"हौसे, काय करतीस?"

"उसवतीया."

"येडी झालीस? तुझ्या आबांनी विणलेलं हाय. त्याच्यावर बिरोबाचा भंडारा पडलाय."

"म्हायती हाय मला."

"अगं, घोंगड्याला हात लावून शपथ घेत्यात आपल्यात. आन् तू ते पायाला..." माझ्याकडे पाहून ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब ऱ्हात्याल की. मी पळत जातो."

"पळत? ह्या बर्फात? तुमी हुडकत बसाल वाट, आन् हितं ह्येंची बोटं जात्याल." त्यांनी वर न बघता शिवणीचा दोरा दातांनी तोडला. "आबा आसते तर त्येंनीच उसावलं आसतं."

भीमराव मागे सरले. शिवण उसवली, घोंगडीचे दोन लांब पट्टे झाले. त्यातला एक त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवला. दुसरा गुडघ्यावर घेतला, कपाळाला लावला आणि नलिनीला म्हणाल्या, "नलूताई, सुरी द्या."

गूळपोळी कापायला आणलेली ती सुरी. घोंगडी सहज कापली जात नाही. त्या ओढून, रेटून, करकरा कापत होत्या. भीमराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"मोजे काडा. वलं हायती," मला त्या म्हणाल्या. नलिनीने स्वतःचे सुके, जादाचे मोजे दिले. मी डब्याची प्लास्टिकची पिशवी पुढे केली, "वरून ही घालू, पाणी लागणार नाही."

"पिशवीत घाम सुटंल. घामानंच बोटं मरत्यात. लोकर वली झाली तरी ऊब सोडत न्हाई."

त्या माझ्या पायांशी उकिडव्या बसल्या. तळव्याखाली तीन घड्या, मग वरून वेढे, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. फार आवळत नव्हत्या, फार ढिलं सोडत नव्हत्या. शेवटी जेवणाच्या कापडी पिशव्या फाडून त्या तळव्यांना बांधल्या, घोंगडी झिजू नये म्हणून. मी पाय आखडून घेत होतो. मला कसंसंच होत होतं, वयाने लहान असली तरी मी तिला वहिनी म्हणतो, आणि ती माझ्या पायांशी बसलेली.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "खूर बांधताना मेंढरूबी इतकं हलत न्हाई."

बाहेर पडलो तेव्हा नवा बर्फ वीतभर होता. तिघांनी स्नोशू बांधले, माझे मात्र घोंगडीच्या वेढ्यांवर बसेनात. पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला त्यात सगळ्यात जास्त कष्ट. तो दाबून वाट करतो, मागचे तिच्यावरून चालतात. मी सवयीने पुढे झालो.

"मागं," हौसाबाई म्हणाल्या. "मऊ बर्फात गेला तर सगळं निसटंल. मी पुढं, मग ह्ये, मग नलूताई. तुमी शेवटाला. आमी तिगांनी तुडीवलेल्या वाटंवर. खुणा तेवढ्या वरडून सांगा."

आणि त्या निघाल्या. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या बाईने बर्फ फक्त शीतकपाटात पाहिला होता, ती बाई पाय फाकवून, गुडघा उचलून, एक एक पाऊल दोनदा दाबत वाट करत गेली. त्यांचं ते चालणं मी मागून बघत होतो. घाई नव्हती. दमल्यावर माणूस आधी जोर करतो आणि मग थांबतो, तसं काही नाही. पहिल्या पावलाला जो वेग तोच शंभराव्याला. भीमराव दोनदा म्हणाले, "आता मी जातो पुढं." त्या म्हणाल्या, "तुमी तुडवा नीट." मला वाटतं, तोपर्यंत मी कुणाच्या पाठीकडे बघून इतकं भारावून गेलो नव्हतो.

मी रेंगाळलो की त्या मागे न बघताच जिभेने टाळूवर टक् टक् असा आवाज काढत. पहिल्यांदा मला कळलं नाही. तिसऱ्यांदा नलिनी वळून म्हणाली, "अहो, तुम्हाला हाकतायत त्या." मिल इंजिनिअर श्रीरंग खांबेटे, त्या टक् टक्‌वर मुकाट्याने पाय उचलत होता.

दर थोड्या वेळाने त्या थांबत, मागे येत, वेढे चाचपत आणि विचारत, "बोटं हायती का?"

"आहेत," मी म्हणायचो.

पहिल्यांदा होती. दुसऱ्यांदा डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट आहेत की नाहीत याची मला खात्री नव्हती. तरी मी आहेत म्हणालो. सांगितलं असतं तर पुन्हा सगळ्यांना थांबावं लागलं असतं, पुन्हा माझ्यामुळे. आणि खरं कारण म्हणजे, बोटांचा जो धोका मी तासापूर्वी त्यांना शिकवत होतो, तोच माझ्या बोटांना होतोय हे कबूल करायची लाज वाटली. बोटं जाईपर्यंत माणूस लाजत राहतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. एका मोठ्या झाडाच्या खाली, जिथे फांद्यांमुळे बर्फ कमी होता, तिथे मला बसवलं आणि डावा पाय सोडवायला लागल्या.

"कशाला वहिनी, ठीक आहे ना..."

"डोळं मिटा." मी मिटले. "आता कुठलं बोट धरलंय?"

मी विचार करत राहिलो. वाऱ्याचा आवाज येत होता. "अंगठा?" मी म्हणालो.

"उघडा."

त्यांनी माझी करंगळी धरली होती. ती मेणासारखी पांढरी होती, शेजारची दोन्ही तशीच. त्यांनी ती नखाने टोचली, मला काहीच कळलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. बोटं गेली तर गेली, हे मीच म्हणालो होतो.

हौसाबाईंनी हातमोजे काढले. कोटाची चेन उघडली, आतला स्वेटर वर केला आणि माझा उघडा पाय धरून आत ओढला.

मी झटक्याने मागे सरकलो. "वहिनी, अहो, पाय! पाय काय लावताय!"

"पायच लावायचा हाय. डोकं गारठलेलं न्हाई तुमचं, ते बोलतंय अजून."

"अहो पण..."

"श्रीरंग," नलिनी एवढंच म्हणाली. लग्नानंतर नावाने तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा हाक मारली.

मी पाय ढिला सोडला. तो बर्फासारखा पाय त्यांच्या पोटाला लागला आणि त्यांचा श्वास अडकला. सगळं पोट थरथरलं, ते माझ्या तळव्याला कळलं. दात आवळून त्या क्षणभर डोळे मिटून राहिल्या, मग पुन्हा नेहमीसारख्या. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं, कुणाला पाय लागला की लगेच हात लावून नमस्कार करायचा. पुस्तकाला लागला तरी करायचा. आणि मी एका बाईच्या पोटावर पाय ठेवून बसलो होतो, तिचा नवरा समोर असताना.

घोंगडीचा उरलेला पट्टा भीमरावांनी पाठीवरून काढला, दोन्ही हातांनी उघडून धरला आणि वारा यायचा त्या बाजूला आडोसा करून पाठमोरे उभे राहिले. हाताला रग लागली असेल. तरी तो पट्टा खाली आला नाही.

"आमच्याकडं माघात कोकरं पडत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "माळावर रातीला लई कडाका. एकांदं गारठून निपचित पडलं की असंच पोटाशी धरायचं. त्येला कुटं म्हायती आसतंय, त्ये कुणाच्या पोटाशी हाय?"

मी मान खाली घातली. मग त्या नलिनीकडे वळल्या, जणू दोघी ओट्याशी उभ्या होत्या.

"नलूताई, तुमचा तिळगूळ चांगला झालता. पर जरा कडक. पाक थोडा आदी उतरायचा."

नलिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो का?" ती म्हणाली. "मला पाक कधीच जमत नाही. पुढच्या वेळी तुम्ही दाखवा."

"दावीन की. या घरी."

पंधरा मिनिटं तरी झाली असतील. बोटांचा मेणचट पांढरेपणा थोडा गेला, गुलाबी छटा आली, जाणीव मात्र आली नाही. त्यांनी घड्या बदलून, आतली उबदार बाजू पायाला लावून, पुन्हा वेढे घातले. "आता खोटं बोलाल तर उचलून नेईन," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही बोलणार. आणि तिथून गाडीपर्यंत, त्यांनी विचारलं तेव्हा तेव्हा, मी लहान मुलासारखं खरं सांगितलं. डावी तीन कळत नाहीत. उजवी कळतात. डावी तीन कळत नाहीत.

गाडीशी आलो तेव्हा उजेड जेमतेम होता. भीमरावांनी गाडी चालवली. दवाखाना गावाच्या पलीकडच्या टोकाला, तिथे पोचायला बर्फात तास लागला असता. त्यांचं घर अलीकडे, गावाच्या कडेलाच. "आदी घरी," हौसाबाई म्हणाल्या, "कोमट पाणी लागंल."

मघाशी म्हटलं होतं, संक्रांतीला जंगलात जेवायला जायची टूम मी का काढली ते सांगीन. तर ऐका. हौसाबाईंनी आम्हाला संक्रांतीचं जेवायला बोलावलं होतं. त्याआधी दिवाळीला बोलावलं होतं, दसऱ्याला बोलावलं होतं, काहीच नसताना दोनदा बोलावलं होतं. दर वेळी मी काहीतरी निमित्त काढलं. आठ महिन्यांत ते दोघं आमच्याकडे चार वेळा चहाला आले, मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. जातीबितीचं मी कधी बोलत नसे. असल्या गोष्टी बोलणारे लोक मला मागासलेले वाटत. पाळायचो मात्र गुपचूप, स्वतःलाही न सांगता. या वेळी निमित्त सुचेना, तेव्हा मी म्हणालो, "घरी कशाला वहिनी, जंगलात जाऊ या, डबा आम्ही आणतो!" त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या होत्या आणि "बरं" म्हणाल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. कोल्हा लंगडतो हे ज्यांना पावलावरून कळतं, त्यांना हे कळणार नाही?

त्यांच्या स्वयंपाकघरात मी खुर्चीवर बसलो होतो. ओटा लखलखीत होता. हौसाबाईंनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, स्वयंपाकाचं, जाड बुडाचं. त्यात पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार घातलं, पुन्हा कोपर बुडवलं.

"वहिनी, पातेलं नको. बादली चालेल."

"बादलीत पाय वाकडा ऱ्हातोय."

त्यांनी वेढे सोडवले. कापलेले दोन्ही तुकडे खाली पडू दिले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. मी त्या तुकड्यांकडे बघत म्हणालो, "वहिनी, आबांची घोंगडी..."

"आबांनी पांघराय दिलंतं," त्या म्हणाल्या. "पांघारलं."

माझे पाय पातेल्यात गेले. बराच वेळ काही नाही. हौसाबाई पुढ्यात बसून पाण्यात हात घालून एक एक बोट दाबत होत्या. "ह्ये?" "कळतंय." "ह्ये?" "कळतंय." डाव्या पायाच्या मधल्या बोटाशी आल्या. "ह्ये?" मी मान हलवली. नलिनीने माझा खांदा घट्ट धरला. दाराशी भीमराव उभे होते. पाणी गार होत आलं की त्या कोमट घालायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

तिसऱ्यांदा मधलं बोट कळलं. मग त्याच्या शेजारचं. करंगळी राहिली. त्यांनी ती धरली आणि धरूनच बसल्या. आणि मग कुणीतरी तापलेली सळई बोटात खुपसावी तशी एक कळ आली, थेट मांडीपर्यंत. मी ओरडलो. चौतीस वर्षांचा बाप्या, बोंब मारली मी, आणि रडायला लागलो. फक्त कळीने नाही. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं.

"दुकतंय?" हौसाबाईंनी विचारलं.

"फार."

"लई?"

"फार दुखतंय, वहिनी."

तेव्हा त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, सगळे दात दाखवून, मोठ्याने, माळावर हसतात तसं. "दुकू द्या," त्या म्हणाल्या. "दुकतंय म्हंजे जितं हाय." फडक्याला हात पुसत उठल्या, हात साबणाने धुतले आणि ओट्याशी जाऊन पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच विचारलं, आणि त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा थोडा कापला.

"भावजी, भाकरी टाकू का?"

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. भीमरावांनी खाली पाहिलं.

"टाका वहिनी," मी म्हणालो. "मला दोन लागतील."